आमच्या घरची सरकी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



महिन्याभरापूर्वी चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदाच्या वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी काही वक्ती नव्हे. आजवर व्यासपीठाशी माझा संबंध आला तो सतरंजी घालण्यापुरता, आणि समारंभ संपल्यावर ती झटकण्यापुरता." त्या म्हणाल्या, "ज्यातले तुम्हांला कळते त्यावरच बोला." आमचे हे बोलणे चालू असतानाच आमच्या मांजरीने चिटणीसबाईंच्या मांडीवर उडी घेतली, त्यांच्या चहाच्या बशीत तोंड घालून पाहिले, चहा पसंत पडला नाही म्हणून पंजा झटकला, आणि तो शिंतोडा त्यांच्या नव्या पातळावर उडाला. चिटणीसबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यावरच बोला की!"

तेव्हा भगिनींनो, आजच्या भाषणाचा विषय मी निवडलेला नाही, मांजरीने निवडलेला आहे. आमच्या घरातले बाकीचे निर्णयही तीच घेत असल्यामुळे मला त्यात काही नवल वाटले नाही.

प्रथम ती आमच्याकडे आली कशी ते सांगते. २०२२ सालच्या आरंभी कापसाला क्विंटलमागे दहा हजारांच्या वर भाव गेला होता, हे तुम्हां सर्वांच्या लक्षात असेलच. ज्यांनी आधी विकला ते हळहळले, ज्यांनी ठेवला ते शहाणे ठरले. त्यामुळे पुढच्या हंगामात आपल्या भागात जो तो शहाणा झाला. कोणी कापूस विकेना. आमच्या चिरंजिवांनीही वेचणीचा सगळा कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचला. पाहुणे आले की त्यांना बसायला जागा नाही, म्हणून आम्ही त्यांना ओसरीवर बसवत असू. कापसामुळे घरभर किडा झाला, अंगाला खाज सुटू लागली, आणि खाजेमागोमाग उंदीर आले. उंदरांना भावाची फिकीर नसते. सरकीच्या लोभाने ते कापूस पोखरू लागले.

पौष महिन्यात एक उनाड मांजरी त्या कापसाच्या ढिगात व्याली. मांजरी आपल्या पिलांना सात घरे दाखवते म्हणतात. हिने सातव्या घराचा मान आम्हांला दिला की पहिल्या, ते कळले नाही. पण आठ-दहा दिवसांनी तिने दोन पिले तोंडात धरून हलवली आणि तिसरे न्यायची विसरली. पांढऱ्याशुभ्र कापसात पांढरेशुभ्र पिलू, अंगावर मोजके काळे ठिपके. आमचा नातू ओरडला, "आजी, हा बघ कापूस हलतोय!" मी त्याला जवळ घेऊन दाखवले, "अरे, कापूस नव्हे, कापसातली सरकी आहे ती." तेच नाव पडले.

आमच्याकडे हे म्हणाले, "मांजर घरात नको. चार दिवस दूध पाजा आणि बाहेर काढा." कापसाच्या वाटीने, म्हणजे बोळ्याने, मी तिला दूध पाजले. चार दिवस झाले, चार आठवडे झाले. आज ती आमच्या ह्यांच्या आरामखुर्चीत झोपते आणि हे शेजारी स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचतात. पान उलटताना आवाज झाला तर तिच्याकडे चोरून पाहतात.

आता तिच्या दिनचर्येविषयी थोडे सांगते. आपल्या गावावरून भुसावळ-नागपूर मार्गाच्या गाड्या रात्रंदिवस धडधडत जातात. पन्नासांहून अधिक वर्षे झाली, त्या आवाजाने माझी झोप कधी मोडली नाही. मात्र पहाटे चार वाजता सरकी माझ्या गालावर आपला मऊ पंजा ठेवते. पहिल्यांदा नखे आत असतात. मी डोळे उघडले नाहीत तर दुसऱ्यांदा एक नख बाहेर येते, एकच. तिसऱ्यांदा काय होते ते मला माहीत नाही, कारण तोवर मी चुलीपाशी, म्हणजे आताच्या गॅसपाशी, पोचलेली असते. माझ्या सासूबाईंनाही मला इतक्या थोडक्यात उठवणे कधी जमले नव्हते.

उठल्यावर खाणे. कालची भाकरी दुधात कुस्करून दिली तर ती वास घेते आणि माझ्याकडे असे पाहते, की जणू काही मी तिच्या पानात उष्टे वाढले. कळण्याची भाकरी चालत नाही. भरिताकडे ती ढुंकूनही पाहत नाही. आपल्या खानदेशात जन्म घेऊन भरिताला नाक मुरडणारा दुसरा प्राणी मी तरी पाहिलेला नाही. गुढीपाडव्याला मी कौतुकाने बोटभर श्रीखंड तिच्यापुढे धरले. तिने चाटले, पण चेहऱ्यावर काही उमटले नाही. मला वाटले, माझ्याच हाताची चव गेली. पुढे नातवाने वाचून सांगितले, की मांजरांना गोड चव कळतच नाही. जिभेवर गोडी ओळखण्यासाठी लागणारा एक घटकच त्यांच्यात निकामी झालेला असतो, आणि हा शोध शास्त्रज्ञांना २००५ साली लागला. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. घरातल्या सगळ्यांनाच माझे श्रीखंड आवडत नाही असे नाही, एवढे तरी सिद्ध झाले.

दुधाचीही गंमत अशीच. आपण म्हणतो, मांजर म्हणजे दूध. पण सरकीचे पोट बिघडले तेव्हा पशुवैद्य म्हणाले, "बाई, पिलू मोठे झाले की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. दूध बंद करा आणि स्वच्छ पाणी ठेवा." मी म्हटले, "डॉक्टरसाहेब, दूध बंद करते, पण पाण्याचे कसे करू?" उन्हाळ्यात आपल्या बोदवडात पाण्याचे काय हाल असतात ते मी तुम्हांला सांगायला नको. आम्ही भाजी धुतलेले पाणी तुळशीला घालतो, तांदळाचे धुवण गुरांना देतो. सरकीला मात्र काल भरलेले पाणी चालत नाही. वाटीतले शिळे पाणी ती पंजाने उपडे करते आणि माठाखाली जाऊन बसते. माठ पाझरून जो थेंब लोंबतो तो तिला हवा. घरात आम्ही सहा माणसे तांब्याने मोजून पाणी पितो, आणि ह्या बाईसाहेब थेंबाची निवड करतात!

दाराचे प्रकरण निराळेच. दार बंद असले की तिला बाहेर जायचे असते. उघडले की ती उंबऱ्यावर बसते. ना आत, ना बाहेर. एखाद्या थोर माणसाने पुढच्या पिढीचा विचार करावा तशी ती तिथे बसून विचार करते, आणि आपण दार धरून उभे. मी एकदा सूनबाईला म्हटले, "लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हासुद्धा उंबऱ्यावर इतका वेळ लागला नव्हता, आणि तेव्हा तर नाव घ्यायचे होते."

पण खरा कहर झाला तो चैत्रात, बिबड्यांच्या दिवशी. बिबडे म्हणजे काय कष्ट, ते इथे कोणाला सांगायला नको. तीन दिवस ज्वारी भिजवायची, निथळायची, कांडायची, पहाटे मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ घालून घाटा शिजवायचा, आणि ऊन चढण्याआधी धाब्यावर ओल्या धोतरावर एकेक थापायचा. त्या दिवशी शेजारच्या चौघी मदतीला आल्या होत्या. दीडशे बिबडे घातले. आम्ही खाली येऊन घाटा खायला बसलो, तोच वर काहीतरी पडल्याचा आवाज आला. पाहतो तो सरकी धाब्यावर! ती नुसती आलेली नव्हती, तिने पाहणी केली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीने, प्रत्येक ओल्या बिबड्यावर एक पाऊल, आणि शेवटच्या चार बिबड्यांवर तिने अंग टाकून ऊन घेतले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाळल्यावर तळून पाहा, फुगतील तर ते बिबडे, नाहीतर मांजराच्या पायाचे छाप म्हणून जपून ठेवा." पावलांचे बिबडे आम्ही निराळे काढले आणि गुरांच्या दावणीत टाकले. पुढे वर्षभर आमच्या घरी बिबडे वाढले, की पाहुणे तो आधी उलटून पाहत.

आता तुम्ही विचाराल, एवढे लाड करून घेणारी ही मांजर उंदीर तरी मारते की नाही? मारते, पण तिच्या सवडीने. आणि मारला की आम्हांला आणून देते. नातीला पाहायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा फिरत होत्या, मुलाकडची मंडळी मोठ्या गांभीर्याने प्रश्न विचारत होती, आणि सरकीने आपला उंदीर आणून मुलाच्या आईच्या पायाशी ठेवला. आपल्या परीने तिने देण्याघेण्याची बोलणी पुरी केली. ते स्थळ जमले नाही. नात म्हणते, बरेच झाले. तेव्हापासून ती सरकीला चुलीमागे चोरून बोंबील देते.

मैत्रिणींनो, थट्टा पुरे. चार शब्द उपयोगाचेही सांगितले पाहिजेत, नाहीतर चिटणीसबाई म्हणतील, भाषणातून काय मिळाले?

मांजर ही चैन आहे असे समजू नका. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे मुलुखभर पसरला. आपल्या आजीपणजींच्या तोंडी त्या साथीच्या गोष्टी होत्या; घरे सोडून लोक शेतात झोपड्या घालून राहत. त्या काळी आपल्या शेजारच्या वऱ्हाडात, अमरावतीला, ब्युकॅनन नावाचे लष्करी हुद्द्याचे एक सरकारी डॉक्टर होते. त्यांच्या ध्यानात आले, की ज्या गावांत मांजरे पुष्कळ तिथे प्लेग कमी, आणि जिथे मांजरे थोडी तिथे जास्त. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाकडे येते आणि रोग देते. उंदीरच घरात नसला तर पिसू येणार कोठून? १९०८ च्या सुमारास त्यांनी ह्याविषयी वैद्यकाच्या मासिकांतून लिहिले आणि लोकांनी मांजरे पाळावी असा आग्रह धरला. पुढे असेही कळले, की मांजरालाही प्लेग होऊ शकतो, तेव्हा मांजर म्हणजे काही औषध नव्हे. पण ज्या घरात धान्य आणि कापूस साठतो त्या घरात मांजराचा हक्क आहे, एवढे त्या साहेबाचे म्हणणे मला आजही पटते.

दुसरे, मांजर पाळायचे तर नीट पाळा. तिला पिसाळरोगाची लस टोचून घ्या. तिने नखे मारली वा चावली, तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मांजरीचे दिवस अवघे दोन महिन्यांचे असतात आणि वर्षातून दोन-तीनदा ती विते. ती पिले मग पोत्यात भरून कोठेतरी सोडण्यापेक्षा पशुवैद्यांकडून तिची शस्त्रक्रिया करून घेतलेली बरी. सरकीची आम्ही केली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी पहाटे चारला पंजा गालावर होताच.

पोत्याचा विषय निघाला, तेव्हा आता जे सांगायचे म्हणून मी खरोखर उभी राहिले ते सांगते.

२०२३ च्या जूनमध्ये, पेरणीला पैसा हवा म्हणून, आमच्या चिरंजिवांनी शेवटी कापूस विकला. भाव सात हजारांच्या आसपास होता. दहाच्या आशेने ठेवला आणि सातने गेला. गाडी भरून गेली, खोली रिकामी झाली, उंदीर गेले, आणि घरातल्या माणसांची तोंडे उतरली. त्या रात्री जेवताना सरकीने त्यांच्या ताटाशी येऊन नेहमीसारखे मागितले. चिरंजीव चिडून म्हणाले, "कापूस गेला, उंदीर गेले, आता हिचे काय काम? उद्या पोत्यात घालून लांब सोडून येतो." तो काही वाईट माणूस नाही. तोटा झालेला माणूस होता. पण "पोते" हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातली वाढणी खाली पडली.

मी ह्या घरात १९७० साली आले. मोठे खटले होते. आजेसासूबाई हयात होत्या आणि घराच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. माझ्या सासूबाईसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय मीठ काढत नसत. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या वयस्क बायकांना आठवत असेल. विहिरी आटल्या, गुरे विकली, रेशनवर ती परदेशी लाल ज्वारी, मिलो, यायची. लोक खडी फोडायला जात आणि सुकडी खात. आमच्याकडे एकच म्हैस उरली होती, तीही आटत चाललेली. दूध निघे ते पुरुषांच्या चहाला, लहान मुलांना आणि आजेसासूबाईंना. मला तेव्हा पाचवा महिना होता. बायकांची पंगत शेवटी बसे, आणि शेवटच्या पंगतीला त्या वर्षी भांड्याचा आवाज तेवढा मोठा असे.

एक दिवस दुपारी, सगळी निजलेली असताना, मी शिंक्यावरचे पातेले उतरवले आणि साय खाल्ली. नुसती साय नव्हे, खालचे दूधही प्याले. मग पातेले पुन्हा शिंक्यावर ठेवले. संध्याकाळी आजेसासूबाईंनी पाहिले आणि घर डोक्यावर घेतले. त्यांनी एकेकीला समोर उभे केले. माझी पाळी आली. तेव्हा घरात भुरी नावाची एक म्हातारी मांजर होती, चुलीच्या वैलाशी झोपायची. मी तिच्याकडे बोट केले.

कोणी शंका घेतली नाही. आपली भाषाच पाहा ना: डोळे मिटून दूध पिते ती मांजर, शिंके तुटते ते बोक्यासाठी. चोर आधीच ठरलेला होता. मी फक्त त्याचे नाव घेतले. सासूबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "हो, मीही तिला शिंक्याखाली पाहिली." दुसऱ्या दिवशी सालदाराने भुरीला पोत्यात घातले आणि बैलगाडीतून लांब, दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडले. मांजर घर विसरत नाही म्हणतात. मी किती रात्री धाब्यावर कान देऊन पडले होते. ती आली नाही.

पुढे मला मुलगा झाला. पाचवीला सटवाईची पूजा मांडली, तेव्हा भटजी सहज म्हणाले, "षष्ठीदेवीचे वाहन मांजर." माझ्या अंगावर काटा आला. ती सगळी रात्र मी बाळाला छातीशी धरून बसून काढली. पुष्कळ वर्षांनी भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या एका बंगाली बाईंकडून मी त्यांच्या षष्ठीव्रताची कहाणी ऐकली. धाकटी सून चोरून खाते आणि काळ्या मांजरावर आळ घालते. ते मांजर देवीचे वाहन असते, म्हणून ते तिची मुले उचलून नेते. आणि सून चूक कबूल करते तेव्हाच मुले परत मिळतात. ती बाई हसत सांगत होती. मी हसले नाही. मला वाटले, कोठल्या कोठे बंगाल, तिथेही सुनेला भूक लागत होती आणि तिथेही तिला मागता येत नव्हते.

आणखी एक गोष्ट. भुरी गेल्यानंतर सासूबाई रोज रात्री एक वाटी दूध चुलीमागच्या कोनाड्यात ठेवू लागल्या. आजेसासूबाईंनी विचारले, तर म्हणाल्या, "मांजरासाठी. पोटुशी सून घरात आहे, सटवाईचे वाहन उपाशी राहायला नको." देवीचे नाव निघाल्यावर आजेसासूबाई गप्प बसल्या. घरात मांजर तर नव्हते. सकाळी वाटी रिकामी दिसली नाही तर सासूबाई मला म्हणत, "सूनबाई, वाटी घासायची राहिली बघ." मी वेडी, चार दिवस मला उमगलेच नाही. पाचव्या दिवशी मी ती वाटी प्याले. मग रोज पीत गेले, बाळंत होईपर्यंत. आम्ही दोघी त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

१९९४ साली सासूबाई अंथरुणाला खिळल्या. एका रात्री मी पाय चेपत असताना मला राहवले नाही. मी म्हटले, "आत्याबाई, बहात्तर सालचे ते दूध मी प्याले होते." त्या डोळे मिटूनच हसल्या. म्हणाल्या, "ठाऊक आहे, पोरी. मांजर दूध पिऊन जाते, पातेल्यावर झाकण परत ठेवत नाही."

मी म्हटले, "मग त्या बिचारीला का घालवू दिले?" बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझे नाव निघाले असते तर तुला माहेरी धाडली असती, तशा दिवसांत. तिला काय, माहेर नव्हते." आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करून, "त्या भुरीला मीच वाढवली होती, लहानपणापासून. तुझ्या जागी असताना मीही तिचेच नाव घेत असे."

भगिनींनो, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. घरच्यांनाही नाही. कापूस विकला त्या रात्री ते मी सांगितले, ताटावर बसलेल्या सगळ्यांसमोर. ज्या बाळासाठी ते दूध प्याले होते, तोच मुलगा आज पन्नाशी ओलांडून, कापसाच्या तोट्याने काळवंडून समोर बसला होता. तो काही बोलला नाही. उठला, हात धुतले, आणि आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून त्याने सरकीपुढे ठेवला. तिने वास घेतला आणि नाक मुरडले. तेव्हा तो हसला. त्या दिवसातले ते घरातले पहिले हसणे.

म्हणून आमच्याकडे सरकी आहे. भुरीचे देणे सरकीला देऊन फिटत नाही, हे मला कळते. पण पहाटे चारला गालावर पंजा पडतो तेव्हा मला राग येत नाही, तो ह्यामुळे. ही पाहा, लाज न धरता मागते. भूक लागली की भूक लागली म्हणते, पाणी शिळे असले की उपडे करते, दमली की घरातल्या सर्वांत चांगल्या खुर्चीत झोपते. आपण तिला हट्टी म्हणतो. आपल्या आयांनी, सासवांनी यातले एक जरी केले असते, तर भुरीला पोत्यात जावे लागले नसते.

आता आमच्या घरी पुरुषबायकांची एकच पंगत बसते. नातसून येईल तेव्हा तिला मी पहिल्या दिवशीच सांगणार आहे, "बाई, ह्या घरात एक मांजर मागून मागून आम्हांला बेजार करते. तू तिच्याकडून ते शीक." आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी कोणी मागत नसेल, मग ती सून असो, सासू असो, की ओसरीवर बसलेली म्हातारी असो, तर तिच्या तोंडून निघायची वाट पाहू नका. कोनाड्यात एक वाटी ठेवा, आणि फार तर मांजराचे नाव सांगा. मांजराचे नाव एवढ्या चांगल्या कामासाठी घेतले, तर ते रागावणार नाही.

मला वाटते मी ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक बोलले. घरी सरकी उंबऱ्यावर बसली असेल आणि कोणीतरी दार धरून उभे असेल. त्या माणसाची सुटका करायला मला गेले पाहिजे.